बागखर्चात लिहिलेले औषध

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, रुग्णांना मदत करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी गणपतीच्या दिवसांत, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, कुडाळला भरते. या तारखेमागे धार्मिक कारण काहीही नाही. संस्थेचे निम्म्याहून अधिक देणगीदार मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेले आमचेच गाववाले आहेत. ते याच आठवड्यात कोकण रेल्वेने, एसटीने किंवा रात्रभर महामार्गावर गाडी हाकून घरी येतात, आणि ज्याने पैसा दिला त्याला हिशोब समोरासमोर विचारता यावा, असा आमच्या घटनेत नियम नसला तरी आमचा रिवाज आहे. ३१ मार्चला बंद केलेली खाती तपासून घेऊन लेखापरीक्षकाचा अहवाल सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, तयार व्हावा लागतो, त्यामुळे तोवर ताळेबंदही बहुधा हाती आलेला असतो. गेली सहा वर्षे या संस्थेचा खजिनदार या नात्याने तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे.

पहिल्याच वर्षी मी जमाखर्च वाचून खाली बसलो, तेव्हा डोंबिवलीहून आलेले एक सभासद उठले. आवाज न चढवता, अगदी सभ्यपणे त्यांनी विचारले, "खजिनदारसाहेब, औषधांची बिले आहेत, दुकानदाराच्या पावत्या आहेत, धनादेशांचे क्रमांकही आहेत. पण ही औषधे घेणारी माणसे कुठे आहेत? एक तरी नाव सांगा." सभागृह गप्प झाले. त्या वेळी त्या सभागृहात आमचे तीन रुग्ण बसलेले होते, त्यांपैकी एक तर प्रश्नकर्त्याच्या मागच्याच रांगेत होता, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय तेथे फार तर दोघांना ठाऊक होती. मी उत्तर दिले नाही. "नियमानुसार नावे जाहीर करता येत नाहीत," एवढेच पुटपुटलो, आणि असे उत्तर मी स्वतः बँकेत तपासनीस असताना कोणी मला दिले असते तर मी त्याची सगळी कपाटे उघडायला लावली असती, याची मला त्या क्षणी पुरती जाणीव होती.

आमच्या भागात जाहीर हिशोब देण्याची सवय कोणत्याही कायद्यापेक्षा जुनी आहे. शिमग्याची पालखी घरोघर फिरून आली, किंवा जत्रा पार पडली, की देवळाच्या सभामंडपात गावकीचा हिशोब वाचला जातो. कोणत्या घराने किती वर्गणी दिली, कोणाची बाकी राहिली, ढोलवाल्यांना किती गेले, नारळ किती जमले आणि लिलावात किती रुपयांना सुटले, हे सारे नावानिशी ऐकवले जाते. पन्नास रुपयांच्या फरकावरून तासभर वाद होतो, जुन्या हद्दीच्या भांडणांना त्यात वाट मिळते, कोणी तरी रागाने उठून जातो आणि चहाच्या वेळी परत येतो. तरीही त्या वह्यांवर गावाचा विश्वास असतो, कारण प्रत्येक आकड्याचा धनी समोर मांडी घालून बसलेला असतो. आमच्या संस्थेची अडचण नेमकी येथे आहे. देणाऱ्याचे नाव आम्ही मोठ्याने वाचू शकतो. घेणाऱ्याचे नाव वाचले, तर ज्याच्या मदतीसाठी संस्था उभी केली त्याचेच आम्ही नुकसान करतो.

हे नुकसान काल्पनिक नाही. १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींमध्ये दुरुस्ती होऊन विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला, त्याला आता पाव शतक होऊन गेले. पण स्थळ पाहायला येणारी मंडळी कायद्याची प्रत बरोबर घेऊन येत नाहीत. मुलीला लहानपणी आकडी येत असे, एवढी कुजबुज तालुक्यातून तालुक्यात पोहोचायला एक लग्नसराई पुरते. मुलगा ट्रॉलरवर खलाशी असेल किंवा माडावर चढून नारळ पाडण्याचे काम करत असेल, तर फिट येते हे कळताच त्याची रोजी जाते, आणि त्या कामांतला धोका खरा असल्यामुळे मालकाला सरसकट निष्ठुर म्हणून मोकळे होणेही न्यायाचे ठरत नाही.

माझे या कामाशी नाते धाकट्या भावामुळे जडले. तो अकरा वर्षांचा असताना त्याला झटके सुरू झाले, मिरजेच्या डॉक्टरांचे औषध कित्येक वर्षे चालले, आणि घराबाहेर कोणालाही ते कळले नाही. वडील गेल्यानंतर त्यांच्या रोजकीर्दीच्या वह्या चाळताना मला दर महिन्याला एक ठरावीक रक्कम 'बागखर्च, खत, मिरज' अशी लिहिलेली आढळली. पोफळीच्या बागेला घाट ओलांडून मिरजेहून महिन्याच्या महिन्याला खत आणणारा बागायतदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. वडील पैशाच्या बाबतीत इतके काटेकोर होते की उसना आणलेला नारळही वहीत लिहीत. त्या माणसाने आयुष्यात एकच खोटी नोंद केली, ती दर महिन्याला केली, आणि बेरीज मात्र कधी चुकू दिली नाही. ती वही हातात आल्यापासून अपस्माराच्या औषधाची नोंद खरीही असावी आणि कोणाला उघडीही पाडू नये, ती कशी करता येईल, हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

माझ्या आधीच्या काळात संस्थेचा सारा व्यवहार एका कार्यवाहांच्या हाती होता. ते स्वतःच्या खर्चाने गावोगाव फिरत, बाहेरची बाधा समजून भगताकडे नेलेल्या मुलांना समजूत घालून डॉक्टरांपर्यंत आणत, आणि कपाटातून औषध काढून हातावर ठेवत. लिहून मात्र काही ठेवत नसत, कारण घेणारी आईच हात जोडून सांगे की नाव लिहू नका. माझ्याकडे वह्या आल्या तेव्हा एका वर्षात ₹३८,४०० किमतीच्या औषधांचे 'कोणाला दिले' हे सांगणारा एकही कागद नव्हता. भरीस भर म्हणून एका दुकानाच्या काही बिलांचे क्रमांक लागोपाठचे होते आणि तारखा मात्र दोन-दोन महिन्यांच्या अंतराने पडलेल्या होत्या. तपासनिसाच्या नजरेला ही खूण चांगली नसते. दुकानदार म्हणाला की त्याच्याकडे तीन बिलबुके आहेत आणि संस्थेसाठी तो एक वेगळेच वापरतो. हा खुलासा खरा असू शकतो; अगदी असाच खुलासा खोटा ठरल्याची प्रकरणेही मी नोकरीत पाहिली होती. विश्वस्तांनी कार्यवाहांना विचारले, "निदान चार घरांची नावे द्या, आम्ही गुपचूप जाऊन विचारून येतो." त्यांनी नकार दिला, महिनाभरात ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरली आणि राजीनामा पाठवला. विश्वस्त मंडळातील हा बदल आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला ९० दिवसांच्या मुदतीत बदल अर्जाने कळवला. कागद पूर्ण झाले. माझे मत विचाराल तर तो माणूस प्रामाणिक होता. परंतु त्यांचा प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची काहीच सोय आमच्या संस्थेने ठेवलेली नव्हती, आणि त्यांच्या जागी उद्या दुसराच कोणी आला असता तर त्यालाही हीच 'गोपनीयता' चिलखतासारखी वापरता आली असती.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली आमच्यासारख्या संस्थेने ताळेबंद शेड्यूल आठ या ठरवून दिलेल्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक शेड्यूल नऊमध्ये द्यायचे असते. शेड्यूल नऊमध्ये खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा, निर्लेखित (म्हणजे हिशोबातून काढून टाकलेल्या) रकमा असे शीर्ष आहेत, आणि शेवटी 'विश्वस्त व्यवस्थेच्या उद्देशांवरील खर्च' या शीर्षाखाली धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण आणि इतर अशा ओळी आहेत. आमचे वर्षभराचे काम 'वैद्यकीय साहाय्य' या एका ओळीत मावते. लेखापरीक्षक त्या ओळीसमोरची व्हाउचर पाहतो, बेरीज जुळवतो आणि सही करतो. गोळी रुग्णाच्या पोटात गेली का, हे पाहणे त्याच्या कामात बसत नाही. लेखापरीक्षण झाले म्हणजे उत्तरदायित्व पुरे झाले, असा जो समज अनेक संस्थाचालकांच्या मनात असतो तो मला म्हणूनच पटत नाही.

आम्ही जी व्यवस्था बसवली ती ओबडधोबड आहे, पण सहा वर्षे टिकली आहे. प्रत्येक रुग्णाला नोंदणीच्या वेळी एक क्रमांक मिळतो. क्रमांक आणि नाव यांची जोडणी एकाच वहीत असते. ती वही रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कुलूपबंद कपाटात राहते आणि दुसरी किल्ली संस्थेच्या अशा एका विश्वस्त बाईंकडे असते ज्यांचा पैशाच्या व्यवहाराशी संबंध नाही. माझ्या वहीत, व्हाउचरवर आणि ताळेबंदाच्या जोडपत्रांत केवळ क्रमांक येतो. वर्षातून एकदा लेखापरीक्षकांसमोर चिठ्ठ्या टाकून वीस क्रमांक निवडले जातात. डॉक्टर त्यांच्या समोरच त्या वीस जणांना दूरध्वनी लावतात, नाव न घेता विचारतात की गेल्या वर्षभरात औषध कधी आणि किती मिळाले, आणि उत्तर व्हाउचरशी ताडून पाहिले जाते. पहिल्या वर्षी वीसपैकी दोन उत्तरे जुळली नाहीत. एका ठिकाणी चूक माझी होती, कारण मी ६८ हा क्रमांक ८६ असा लिहिला होता. दुसऱ्या ठिकाणी सासूने सुनेचे औषध परस्पर बंद करून गोळ्या कपाटात साठवल्या होत्या, आणि हिशोबाची तपासणी झाली नसती तर ते डॉक्टरांनाही कळले नसते. डोंबिवलीच्या त्या सभासदांना मी पुढच्या वर्षी चिठ्ठ्या काढायला बोलावले. आता ते दरवर्षी येतात आणि निवडलेल्या क्रमांकांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहितात.

औषधांचा साठा आम्ही स्वतःकडे ठेवणे बंद केले, त्याला कारण पावसाळा. कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट हवेत राहिल्या की कडक होतात आणि त्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. आणि आमच्याकडे आषाढात भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेलासुद्धा बुरशी येते. कार्यालयातील कपाटात ठेवलेला तो साठा कागदोपत्री पूर्ण किमतीची मालमत्ता होता आणि प्रत्यक्षात रुग्णाला फसवणारा होता. शिवाय फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझम ही औषधे अमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येतात. ती खजिनदाराच्या टेबलाखालच्या खोक्यात असणे कोणाच्याच हिताचे नव्हते. मुदत संपलेला आणि ओल लागलेला माल आम्ही नष्ट करून 'निर्लेखित रकमा' या शीर्षाखाली दाखवला, तेव्हा सभेत थोडा आरडाओरडा झाला. आता रुग्ण ठरवलेल्या औषध दुकानातून चिठ्ठी दाखवून औषध घेतो आणि संस्था दुकानदाराला महिन्याअखेरीस धनादेश देते.

यातून एक नवीन खर्च वर आला. मालवणचा रुग्ण औषध कुडाळच्या दुकानातून मागतो, कुडाळचा कणकवलीहून, आणि वेंगुर्ल्याचा सावंतवाडीहून, कारण गावातल्या दुकानदाराने कागद पाहू नये. तपासणीसाठीही कित्येक जण जवळच्या डॉक्टरांना टाळून गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. हा सारा एसटीचा खर्च आजाराचा नाही, आजार लपवण्याचा आहे. शेड्यूल नऊमध्ये त्याला ओळ नाही. आम्ही तो जोडपत्रात 'प्रवास साहाय्य' म्हणून वेगळा दाखवतो, आणि काही वर्षी तो औषधांच्या खर्चाच्या बरोबरीला येतो.

येथेच देणगीदारांशी माझा नेहमीचा वाद होतो. चांगली संस्था म्हणजे जिचा कार्यालयीन खर्च कमी, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. काही ठिकाणी ती कायद्यातही उतरली आहे: परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांतही ५ टक्क्यांची मर्यादा आहे; ती मुळात कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी असताना कंपनीचे अधिकारी ती सरळ आमच्यावर लावू पाहतात. अपस्माराच्या कामाला हे माप बसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान आणि औषधोपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, आणि त्यासाठी लागणारे औषध वर्षाला पाच डॉलर इतके स्वस्त असू शकते. म्हणजे गोळीची किंमत हा अडथळा बहुधा नसतोच. रुग्ण औषध मध्येच सोडतो, कारण चार महिने झटका आलेला नसतो, किंवा कोणी तरी सांगितलेले असते की एवढ्या गोळ्यांनी मेंदू बधिर होतो. आमच्याकडे एक ताई अर्धवेळ मानधनावर प्रत्येक रुग्णाला महिन्यातून एकदा दूरध्वनी करतात, गोळ्या किती उरल्या हे विचारतात आणि आवाजावरून खरे-खोटे ओळखतात. संस्थेचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि हिशोबात ते 'आस्थापना खर्च' या शीर्षाखाली पडते. ते मानधन काढून टाका, आमचे टक्के सुंदर दिसतील आणि निम्मे रुग्ण वर्षभरात औषध सोडतील. मी ते मानधन उद्देशांवरील खर्चात सरकवण्याचा मोह आजवर टाळला आहे, कारण नोंद सोयीच्या ठिकाणी हलवण्याचा शेवट बागखर्चात होतो. त्याऐवजी मी ते आहे तेथेच ठेवून सभेत त्यावर दहा मिनिटे बोलतो.

शिबिरांना मात्र पैसा सहज मिळतो. १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, त्याच्या आगेमागे शिबिर घ्या म्हणून विचारणा येते. मंडप, फलक, पाहुणे आणि छायाचित्रे यांचा खर्च देणारे भेटतात. एकदा अशाच एका शिबिराचे छायाचित्र आमच्याच कोणी तरी हौसेने फ्लेक्सवर छापून एसटी स्थानकासमोर लावले. त्यात मागच्या बाजूला, केस विंचरलेली, नवीन ओढणी घेतलेली एक मुलगी स्पष्ट दिसत होती. फलक तिसऱ्या दिवशी उतरवला, परंतु ते कुटुंब त्यानंतर आमच्याकडे आले नाही, आणि ताईंचे दूरध्वनीही त्यांनी घेतले नाहीत. त्या मुलीचा क्रमांक आमच्या वहीत अजून 'बंद' असा दाखवलेला नाही. मी ती ओळ कोरी ठेवली आहे. त्या प्रकारानंतर विश्वस्तांनी ठराव केला की लाभार्थ्यांची छायाचित्रे, आधार क्रमांक किंवा नावे मागणारी देणगी स्वीकारायची नाही. या ठरावामुळे एका कंपनीची चांगली मोठी रक्कम गेली, आणि ती गेली हेही मी सभेत वाचून दाखवले.

देणाऱ्यांच्या बाजूलाही लपवाछपवीची इच्छा असतेच, आणि ती कित्येकदा रुग्णांच्या घरूनच येते. बरा झालेला तरुण, पहिल्या पगारातली पाकिटात घातलेली रक्कम टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, नाव लिहू नका. देवळाच्या पेटीत असे पैसे टाकता येतात. निव्वळ धार्मिक संस्थांना आयकर कायद्याने ती मोकळीक दिली आहे. आमच्यासारख्या संस्थेला निनावी देणग्या एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्यापर्यंतच सोडल्या जातात आणि वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. मी त्या तरुणाला समजावतो की देणगीदार म्हणून नाव लिहिले म्हणजे रुग्ण म्हणून लिहिले असे होत नाही. पुष्कळदा तो ऐकतो. ₹२,००० पेक्षा जास्त रोख दिली तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हे सांगितल्यावर मुंबईकर लगेच मोबाइल काढतात. मग ३१ मेपर्यंत सर्व देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरायचे, नाही तर दिवसाला ₹२०० विलंबशुल्क. पहिल्या वर्षी ते शुल्क माझ्या अज्ञानामुळे बसले आणि मी ते संस्थेच्या खात्यावर टाकले नाही.

आखातात नोकरीला असलेले आमचे लोक पैसे पाठवतात ते भारतीय पारपत्रावर असतात, म्हणून त्यांची देणगी परकीय ठरत नाही. त्यांचाच लंडनमध्ये स्थायिक झालेला चुलत भाऊ तेथील नागरिक झाला असेल तर त्याची शंभर पौंडांची देणगीही परकीय ठरते, आणि आमच्याकडे परकीय देणगी घेण्यासाठी लागणारी नोंदणी नसल्यामुळे ती परत करावी लागते. एकाच घरातले दोन भाऊ, एकच सदिच्छा, आणि एकाला पावती व दुसऱ्याला नकाराचे पत्र, हे त्या घरी समजावून सांगणे ताळेबंद जुळवण्यापेक्षा कठीण जाते. काही मुस्लिम देणगीदार जकातीची, म्हणजे धर्माने सांगितलेल्या दानाची, रक्कम देतात; ती गरजू व्यक्तीपर्यंतच पोहोचावी, मानधनात किंवा भाड्यात जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे असते. तिचे खाते आम्ही वेगळे ठेवले आहे आणि तिचा खर्चही क्रमांकानिशी दाखवतो.

परंतु या सर्वांहून मोठा प्रश्न मला एका म्हातारीने विचारला. त्या दर सभेला नातवासाठी येतात, मागे भिंतीला टेकून बसतात आणि काही बोलत नाहीत. तिसऱ्या वर्षी मी जमाखर्च वाचून संपवल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊनू, पैसे किती ता माका नको, पुढच्या म्हयन्यात औषध गावतला काय, ता सांगा." माझ्याजवळ सोळा पाने होती आणि त्यांत हे उत्तर कोठेच नव्हते.

अपस्माराचे औषध सुरू केले की ते वर्षानुवर्षे चालते. किमान दोन वर्षे एकही झटका आला नाही तर डॉक्टर ते हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, आणि काहींना ते कायमचे लागते. मध्येच एकदम थांबले तर झटके पूर्वीपेक्षा जोराने उलटू शकतात, एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून रुग्णाला क्रमांक देणे हे आम्ही एक प्रकारचे देणे मानतो, जरी ताळेबंदाच्या देणे बाजूला त्याला जागा नसली तरी. आयकर कायद्याची ओढ मात्र उलट्या दिशेला आहे: उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च करा, १५ टक्के बाजूला ठेवा, आणि त्याहून जास्त राखायचे तर कारण सांगून, अर्ज भरून, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी राखा. पैसा बसून राहू नये हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. तरीही आम्ही दरवर्षी तो अर्ज भरतो आणि 'नोंदलेल्या रुग्णांचे पुढील औषध' असे कारण लिहितो. ती राखीव रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत असते. पतसंस्थेत जास्त व्याज मिळते, हा मुद्दा सभेत दरवर्षी निघतो; बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे मी दरवर्षी सांगतो, आणि मुद्दा काढणारे गृहस्थ एका पतसंस्थेचे संचालक आहेत हे कोणी दरवर्षी सांगत नाही.

त्या म्हातारीच्या प्रश्नानंतर हिशोबाच्या पहिल्या पानावर, सर्व आकड्यांच्या वर, मी एक ओळ घालू लागलो: आजपासून एक रुपयाही नवीन आला नाही, तरी नोंदलेल्या सर्वांना औषध, प्रवास आणि दूरध्वनी यांसह इतके महिने पुरेल. कायम निधी आणि जकातीचे खाते त्यात धरायचे नाही. ही संख्या नऊच्या खाली गेली तर नवीन रुग्णाला क्रमांक द्यायचा नाही, असा ठराव त्याच वर्षी झाला. पहिली तीन वर्षे ती संख्या दहा-अकराच्या आसपास राहिली.

यंदा ती सात आली. दोन मोठे देणगीदार निवृत्त झाले, औषधांची बिले वाढली आणि प्रवासाची त्याहून जास्त वाढली. प्रतीक्षेत पाच जण होते, त्यांपैकी दोन शाळकरी मुले. सभेत मर्यादा नऊवरून सहावर आणण्याचा ठराव आला. मी त्याला विरोध केला. ज्यांना शब्द दिला आहे त्यांचे महिने काढून दुसऱ्यांना देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे म्हणणे होते. आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला राखीव निधीचे कारण सांगून परत पाठवण्याचाही तो नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. मते मोजली, ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. म्हातारी नेहमीच्या जागी बसलेल्या होत्या. त्यांचा हात वर गेला होता, आणि तो ठरावाच्या बाजूने होता. मी इतिवृत्तात माझे विरोधी मत लिहून त्याखाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन पाच नवीन क्रमांक दिले. त्यांतला शेवटचा १४३ आहे.